रक्तांतील केंसाळ पेशी

ल्युकेमिया हा शब्द घरांत उच्चारला गेला कीं सर्वांच्या तोंडचें पाणी पळतें. डॉक्टर पुढें काय सांगत आहेत इकडे मग कोणाचें लक्ष राहत नाहीं. हा रक्ताचा कर्करोग, म्हणजे आतां थोड्या आठवड्यांचा प्रश्न, अशी समजूत सुशिक्षित माणसांतही दृढ आहे. आणि ज्या तीव्र प्रकारांत विकृत पेशींचा पूर एकाएकीं लोटतो, त्यांवर उपचार झाला नाहीं तर ती समजूत अगदींच निराधार ठरते असेंही नाहीं. पण ल्युकेमिया हें एका रोगाचें नांव नसून एका कुळाचें नांव आहे. त्या कुळांत कांहीं आडदांड आहेत, कांहीं संथ आहेत. आणि एक विरळा वंशज असा आहे कीं, त्याची चाल मंद, रूप चमत्कारिक आणि औषधाला दबण्याची रीत सर्वस्वीं अनपेक्षित. रुग्णांची संख्या इतकी थोडी असूनही वैद्यकाच्या गेल्या साठ-सत्तर वर्षांच्या इतिहासांत त्यानें बरीच मोठी जागा अडविली आहे.

ह्या प्रकाराला इंग्रजींत हेअरी सेल ल्युकेमिया म्हणतात. केंसाळ पेशींचा ल्युकेमिया असें त्याचें मराठी रूप केलें तर तें चुकीचें होणार नाहीं. कारण सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ह्या पेशींच्या कडांवर खरोखरच केंस उगवल्यासारखे दिसतात. ल्युकेमियाच्या शंभर रुग्णांत सुमारें दोघांनाच हा रोग असतो. स्त्रियांपेक्षां पुरुषांत तो चौपट-पांचपट अधिक आढळतो, आणि बहुधा पन्नाशीच्या आसपास किंवा त्यानंतर. तो एकापासून दुसर्‍याला लागत नाहीं, हें वेगळें सांगावयास नको. तरी रुग्णाचीं भांडीं वेगळीं ठेवा असा सल्ला देणारें शेजारपाजारचें कोणीतरी निघतेंच, म्हणून सांगून ठेवलेलें बरें.

हा रोग समजून घ्यावयाचा तर प्रथम रक्ताचें घर पाहिलें पाहिजे. हाडांच्या पोकळींत जो मऊ गर असतो, त्याला अस्थिमज्जा म्हणतात. रक्तांतील पेशींचें माहेर तेंच. तांबड्या पेशी प्राणवायु वाहून नेतात. बिंबिका नांवाच्या बारीक चकत्या जखमेचें रक्त गोठवितात. आणि पांढर्‍या पेशी रोगजंतूंशीं झुंजतात. पांढर्‍यांतही पुन्हां जाती आहेत. न्यूट्रोफिल ह्या पहिल्या फळींतल्या. मोनोसाइट ह्या आकारानें मोठ्या आणि क्षयासारख्या चिवट जंतूंचा समाचार घेणार्‍या. लिंफोसाइट ह्या एकदां गांठ पडलेल्या शत्रूची आठवण ठेवणार्‍या. लिंफोसाइटांपैकीं ‘बी’ नांवाची जी शाखा आहे, तिचें काम विषाणूंवर व जंतूंवर प्रतिद्रव्यें तयार करण्याचें. केंसाळ पेशी म्हणजे ह्याच शाखेंतील, शिकून तयार झालेली आणि मग वाट चुकलेली एक लिंफोसाइट. तिची संतति भराभर वाढत नाहीं. ती सावकाश वाढते. पण मरावयाच्या वेळीं मरत नाहीं, हा तिचा खरा दोष. चाळींतल्या जुन्या भाडेकरूप्रमाणें ती एकदां मज्जेंत आणि पाणथरींत शिरली कीं जागा सोडीत नाहीं, आणि मूळच्या बिर्‍हाडांना हळूहळू बाहेर व्हावें लागतें.

येथें नांवाची एक गंमत आहे. ल्युकेमिया ह्याचा शब्दशः अर्थ ‘पांढरें रक्त’. जर्मन शास्त्रज्ञ रुडोल्फ फिरखो ह्यानें १८४७ सालीं हा शब्द रूढ केला, तो ज्यांच्या रक्तांत पांढर्‍या पेशी अतोनात वाढल्या होत्या अशा रुग्णांना पाहून. केंसाळ पेशींच्या ल्युकेमियांत बहुतेक वेळां नेमकें उलट घडतें. रक्तांतील पांढर्‍या पेशी कमी होतात, तांबड्या कमी होतात, बिंबिकाही कमी होतात. रोग रक्तांत वाहण्याऐवजीं मज्जेंत आणि पाणथरींत दबा धरून बसलेला असतो. त्यामुळें रक्ताचा अहवाल हातांत घेऊन ‘पांढर्‍या पेशी तर वाढलेल्या नाहींत, मग ल्युकेमिया कसला?’ असा प्रश्न विचारणारा नातेवाईक तर्काला सोडून बोलत नसतो. शब्दच त्याला फसवितो.

रुग्णाच्या तक्रारी सुरुवातीला अगदीं साध्या असतात. जिने चढतांना दम लागतो. चार घांस खाल्ले कीं पोट भरल्यासारखें वाटतें, कारण डाव्या बरगडीखालीं वाढलेली पाणथरी जठराला दाबीत असते. कोठें हात आपटला तर काळानिळा डाग उठतो आणि तो लवकर जात नाहीं. मधूनमधून ताप येतो, छातीचा विकार होतो, बरा होतो, पुन्हां होतो. असें महिनोन्‌महिने, क्वचित्‌ वर्षेंही चालतें. आपल्या देशांत पाणथरी वाढली कीं प्रथम हिवतापाची आठवण होते, बिहारकडे काळ्या आजाराची, आणि ताप व अशक्तपणा बरोबर असला तर क्षयाची. ह्या शंका चुकीच्या नाहींत. ते रोग पुष्कळ आहेत आणि हा विरळा आहे. पण त्यांवरचे उपचार होऊनही रक्त सुधारत नसेल, तर मज्जा पाहिल्यावांचून तर्क करीत बसण्यांत अर्थ नाहीं.

एक खूण मात्र साध्या रक्त-तपासणींतही सांपडण्यासारखी आहे. ह्या रोगांत मोनोसाइट पेशी जवळजवळ नाहींशा होतात. गंमत अशी कीं, आजकालचीं पेशी मोजणारीं यंत्रें केंसाळ पेशींनाच कधींकधीं मोनोसाइट समजून मोजतात, आणि अहवालांत तो आंकडा ठीक दिसतो. कांचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून अनुभवी डोळ्यानें पाहिल्याखेरीज ही चूक उमगत नाहीं. यंत्राची गति मोठी खरी. पण ह्या रोगाचें निदान आजही पुष्कळदां एखाद्या चिकित्सक माणसाच्या नजरेपासूनच सुरू होतें.

अशीच एक नजर १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ओहायो राज्यांत कोलंबस येथें ह्या रोगावर पडली. पेरू देशांत जन्मलेल्या डॉ. बर्था बुरोंक्ले तेथील विद्यापीठांत रक्तविकारांचा अभ्यास करीत होत्या. नेहमींच्या कोणत्याच कप्प्यांत न बसणारे रुग्ण त्यांनीं बाजूला काढले, त्यांच्या पेशी पुन्हां पुन्हां न्याहाळल्या, आणि १९५८ सालीं आपल्या दोन सहकार्‍यांसह २६ रुग्णांचें वर्णन प्रसिद्ध केलें. हा स्वतंत्र रोग आहे हें त्या लेखानें ठरलें. त्यावेळीं त्याला दिलेलें नांव होतें ‘ल्युकेमिक रेटिक्युलोएंडोथेलिओसिस’. तें उच्चारतांनाच रुग्णाला धाप लागावी. १९६६ सालीं श्रेक आणि डॉनेली ह्या दोघांनीं निराळ्या जातीच्या सूक्ष्मदर्शकांतून ह्या पेशी जिवंत असतांना पाहिल्या. वाळवून रंगविलेल्या थेंबांत त्यांचे केंस आखडलेले असतात. जिवंतपणीं ते चांगले लांब दिसतात. त्या दोघांनीं सरळ ‘केंसाळ पेशी’ असा शब्द वापरला, आणि तोच पुढें टिकला. लोकांना उच्चारतां येईल असें नांव शास्त्राला क्वचितच सुचतें; येथें तें सुचलें.

निदानाची पुढची पायरी तर आपल्या स्वयंपाकघराशीं नातें सांगणारी आहे. रक्तपेशींत अ‍ॅसिड फॉस्फटेज नांवाचें एक किण्वद्रव्य असतें. टार्टरिक आम्लाचा, म्हणजे आपल्या चिंचेला ज्यानें आंबटपणा येतो त्याच आम्लाचा, क्षार त्यांत घातला कीं बहुतेक पेशींतील हें द्रव्य निकामी होतें. केंसाळ पेशींतील होत नाहीं. १९७१ सालीं याम, ली आणि लाम ह्यांनीं हें दाखवून दिलें, आणि पुढें कित्येक वर्षें ह्या एका रंगपरीक्षेवर जगभर निदान होत असे. आतां पेशींच्या पृष्ठभागावरील खुणा यंत्रानें वाचतां येतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणीं ही सोय आहे, आणि चिंचेची परीक्षा मागें पडली आहे.

मज्जेची तपासणी मात्र टळत नाहीं. कमरेच्या हाडांत सुई घालून मज्जा ओढून घ्यावयाची ही नेहमींची रीत. ह्या रोगांत पुष्कळदां सुई कोरडीच बाहेर येते. केंसाळ पेशी आपल्याभोंवतीं बारीक तंतूंचें जाळें विणतात, आणि त्या जाळ्यांत मज्जा अडकून बसते. मग हाडाचाच एक बारीक तुकडा काढावा लागतो. त्याचा काप पाहिला कीं, तव्यावर सोडलेलीं अंडीं एकमेकांजवळ पसरावीं तशा पेशी दिसतात: मध्यें गोल केंद्र आणि भोंवतीं फिकट, रुंद किनार. ‘पहिल्या वेळीं कांहींच निघालें नाहीं’ असें ऐकून घरची मंडळी डॉक्टरांच्या कौशल्याविषयीं शंका घेऊं लागतात. परंतु सुई कोरडी येणें हाच येथें एक पुरावा असतो.

निदान झालें कीं घरांत एकच घाई उडते. औषध आजच सुरू करा, उद्यांवर टाकूं नका. आणि डॉक्टर कधींकधीं सांगतात कीं, तूर्त कांहींच द्यावयाचें नाहीं. तीन महिन्यांनीं पुन्हां रक्त पाहूं. कर्करोग आहे म्हणून सांगावयाचें आणि औषध द्यावयाचें नाहीं, हें ऐकणार्‍याला क्रूर वाटतें. पण ह्यांत हयगय नाहीं. हा रोग मंद आहे, आणि त्यावरचें औषध शरीराच्या संरक्षक पेशींनाही पुष्कळ काळ दुबळें करून ठेवतें. म्हणून हेमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खालीं गेलें, बिंबिका एक लाखाच्या खालीं आल्या, न्यूट्रोफिल एक हजाराच्या खालीं उतरल्या, किंवा पाणथरीचा त्रास होऊं लागला, वारंवार जंतुविकार होऊं लागले, म्हणजे औषधाची वेळ आली असें सर्वसाधारणपणें मानतात. तोंपर्यंत रुग्णानें कामावर जावें, फिरावें, जेवावें. हें थांबणें रुग्णापेक्षां त्याच्या पत्नीला आणि मुलांनाच अधिक जड जातें.

पूर्वीं तर औषध असें नव्हतेंच. रोग कळल्यावर रुग्ण साधारणपणें चार वर्षें जगे, आणि त्याचा अंत बहुधा रोगापेक्षां एखाद्या जंतुविकारानेंच होई. त्या काळीं एकच उपाय होता: पाणथरी काढून टाकणें. त्यानें रक्तपेशी अडकून पडण्याची जागा नाहींशी होई आणि कित्येकांच्या रक्ताचे आंकडे सुधारत. पण मज्जेंतील मूळ तसेंच राही.

अशाच एका पाणथरीवरून कॅलिफोर्नियांत मोठा खटला उभा राहिला. जॉन मूर हा अलास्कांतील तेलवाहिनीच्या कामावरचा माणूस. १९७६ सालीं लॉस एंजेलिस येथील विद्यापीठ-रुग्णालयांत त्याची पाणथरी काढण्यांत आली आणि त्याची प्रकृति सुधारली. पुढें सुमारें सात वर्षें तो तपासणीसाठीं सिअ‍ॅटलहून तेथें जात राहिला. दरवेळीं त्याचें रक्त आणि इतर नमुने घेतले जात. त्याच्या पाणथरींतील पेशींपासून त्याच्या डॉक्टरांनीं प्रयोगशाळेंत सतत वाढणारा एक पेशीवंश तयार केला होता, आणि १९८४ सालीं विद्यापीठाला त्याचें पेटंट मिळालें. शास्त्राच्या दृष्टीनें तो वंश मोलाचा ठरला; मनुष्याला होणारा एक नवा विषाणु १९८२ मध्यें त्यांतूनच ओळखला गेला, जरी तो विषाणु ह्या रोगाचें कारण नाहीं असें पुढें ठरलें. मूरला मात्र ह्यांतलें कांहीं सांगितलेलें नव्हतें. १९८३ सालीं आपल्या पेशींवरील सर्व हक्क सोडून देण्याच्या कागदावर सही मागितली गेली तेव्हां त्याला संशय आला. त्यानें सही नाकारली आणि वकील गांठला. १९९० सालीं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, शरीरांतून काढलेल्या पेशींवर मूरची मालकी नाहीं. पण रुग्णावर शस्त्रक्रिया करतांना आपला त्यांत संशोधनाचा किंवा पैशाचा कांहीं हितसंबंध असेल तर तो डॉक्टरानें आधीं सांगितलाच पाहिजे. ह्या निकालानें कोणाचेंच पुरतें समाधान झालें नाहीं. आपल्याच देहाचा भाग दुसर्‍याच्या नांवें पेटंट होतो आणि आपल्याला त्यांत हिस्सा नाहीं, हें साध्या माणसाच्या न्यायबुद्धीला पटणें कठीणच आहे. संमतिपत्रांतील बारीक अक्षरांतला मजकूर आज कांहीं रुग्ण वाचून पाहतात, ह्याचें थोडें श्रेय मात्र मूरला द्यावें लागेल.

औषधांची पहांट झाली ती १९८४ सालीं. ह्यूस्टन येथें केसाडा आणि त्यांच्या सहकार्‍यांनीं सात रुग्णांना इंटरफेरॉन दिलें. विषाणूंचा हल्ला झाला असतां शरीर स्वतःच जें संरक्षक द्रव्य तयार करतें तें हें. सातही जणांना गुण आला; तिघांच्या शरीरांत तर रोगाचा मागमूस उरला नाहीं. मात्र हीं इंजेक्शनें दीर्घकाळ घ्यावीं लागत, अंग फ्ल्यू झाल्यासारखें दुखे, आणि औषध थांबविलें कीं रोग बहुधा परत येई.

खरी कलाटणी मिळाली ती एका अगदीं वेगळ्याच रोगाच्या अभ्यासांतून. जन्मतःच ज्यांच्यांत लिंफोसाइट जवळजवळ नसतात, आणि म्हणून साध्या सर्दीपडशानेंही जीं दगावतात, अशीं कांहीं दुर्दैवी अर्भकें असतात. १९७२ सालीं सिअ‍ॅटलच्या डॉ. एलोइज गिब्लेट ह्यांना अशा मुलांत अ‍ॅडेनोसीन डीअमिनेज हें किण्वद्रव्य मुळींच नसल्याचें दिसून आलें. हें द्रव्य म्हणजे पेशींतला झाडलोट करणारा गडी. डीऑक्सिअ‍ॅडेनोसीन नांवाचा जो केर पेशींत सांचतो, तो हा काढून टाकतो. गडीच नसला तर केर सांचतो, त्याचें विष बनतें, आणि तें नेमकें लिंफोसाइटांनाच सर्वांत अधिक भोंवतें.

कॅलिफोर्नियांत ला होया येथील स्क्रिप्स संस्थेंत डेनिस कार्सन ह्यांच्या मनांत ह्यावरून उलटा विचार आला. ज्या विषानें निरोगी लिंफोसाइट मरतात, त्यानें विकृत लिंफोसाइट कां मरूं नयेत? त्यांनीं डीऑक्सिअ‍ॅडेनोसीनच्या रेणूवर क्लोरीनचा एक अणु बसविलेलें द्रव्य निवडलें. अशा केराला त्या गड्याची केरसुणी लागू पडत नाहीं. द्रव्य लिंफोसाइटांत शिरतें, तेथें सांचतें, आणि पेशी मरते. हेंच क्लॅड्रिबिन. पेंटोस्टॅटिन नांवाचें दुसरें एक औषध ह्याच सुमारास पुढें आलें. तें केर बदलीत नाहीं, तर गड्याचेच हात बांधून ठेवतें. दोहोंचा परिणाम जवळजवळ सारखाच.

ह्या औषधांचा एक गुण केंसाळ पेशींना विशेष मारक ठरला. कर्करोगावरचीं पुष्कळशीं जुनीं औषधें भराभर दुभंगणार्‍या पेशींनाच गांठतात. सुस्त पेशी त्यांच्या तावडींतून सुटतात. क्लॅड्रिबिन निजलेल्या पेशीलाही सोडीत नाहीं. १९९० सालीं पायरो, कॅरेरा, कार्सन आणि बॉइटलर ह्यांनीं बारा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. प्रत्येकाला शिरेंतून सात दिवस अखंड औषध दिलें होतें, आणि तेंही एकदांच. बारांपैकीं अकरा जणांच्या रक्तांत आणि मज्जेंत रोग दिसेनासा झाला; बाराव्यालाही पुष्कळ गुण आला. कर्करोगाच्या उपचारांत एका आठवड्यानें एवढें काम झाल्याचीं उदाहरणें फार थोडीं आहेत. पुढें त्याच संस्थेनें निदान सात वर्षें पाठपुरावा करून पाहिला. गुण आलेल्या २०७ रुग्णांपैकीं ७६ जणांना रोग पुन्हां झाला; परंतु नऊ वर्षांच्या अखेरीस हयात असणार्‍यांचें प्रमाण शेंकडा ९७ निघालें. ज्या रोगांत पूर्वीं चार वर्षें मिळत, त्यांत आतां बहुतेकांना आपल्या वयाचें आयुष्य मिळूं लागलें आहे.

तथापि तो आठवडा सोपा असतो असें कोणी समजूं नये. औषधानंतर रक्ताचे आंकडे सुधारण्यापूर्वीं आणखी खालीं जातात. पुष्कळांना ताप येतो. बहुधा त्याचा जंतु सांपडत नाहीं, पण कधीं सांपडतोही, आणि तेव्हां उशीर परवडत नाहीं. म्हणून ह्या काळांत थर्मामीटर हाताशीं असावा आणि ताप चढला तर रात्रीं-अपरात्रींही रुग्णालय गांठावें, असें बजावून सांगतात. अंगांत आधींच क्षयासारखा विकार मुरलेला असेल तर प्रथम त्याचा बंदोबस्त करावा लागतो. संरक्षक लिंफोसाइटांचा एक वर्ग तर वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ उणा राहतो. त्या मुदतींत जिवंत जंतूंच्या लसी टोंचीत नाहींत. मज्जा पुन्हां तपासावयाची ती सुमारें चार ते सहा महिन्यांनीं. त्याआधीं पाहिली तर मरत असलेल्या पेशी पाहून उगाच निराशा पदरीं येते.

रोग मुळांत कां होतो, ह्या प्रश्नाला १९५८ पासून उत्तर नव्हतें. तें २०११ सालीं इटलींत पेरुजा येथें मिळालें. तिआच्ची, फालिनी आणि त्यांच्या सहकार्‍यांनीं एका रुग्णाच्या केंसाळ पेशींतील जनुकें वाचून काढलीं आणि त्याच्याच निरोगी पेशींशीं ताडून पाहिलीं. ‘बीराफ’ नांवाच्या एका जनुकांत एक अक्षर बदललेलें होतें. मग आणखी ४७ रुग्ण तपासले. सत्तेचाळिसांतही तोच बदल! पेशीला ‘वाढ’ असा हुकूम बाहेरून आला कीं तो आंतील केंद्राकडे पोंचविणार्‍या सांखळींतला हा एक दुवा. त्या एका अक्षरानें तो असा बिघडतो कीं, हुकूम नसतांनाही तो हुकूम देतच राहतो. केंसाळ पेशींसारखाच दिसणारा एक जुळा रोग आहे. त्यांत हा बदल नसतो आणि क्लॅड्रिबिनही त्याला एकट्यानें फारसें वठणीवर आणीत नाहीं. दोहोंतला फरक आतां नजरेवर न सोडतां जनुकावरून करतां येतो.

हाच बिघाड त्वचेच्या मेलॅनोमा नांवाच्या कर्करोगांत २००२ सालींच सांपडलेला होता, आणि त्यावर व्हेम्युराफेनिब ही तोंडानें घ्यावयाची गोळी निघाली होती. ती येथेंही लागू पडली. नुसती गोळी दिली तर गुण लवकर येतो, पण थांबविल्यावर रोग डोकें वर काढतो. म्हणून त्याच इटालियन मंडळींनीं तिला रिटुक्सिमॅब ह्या प्रतिद्रव्याची जोड दिली. २०२१ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत पूर्वींच्या औषधांनीं न हटलेले किंवा रोग परत आलेले ३० रुग्ण होते; त्यांपैकीं २६ जणांचा रोग दिसेनासा झाला, आणि १७ जणांच्या मज्जेंत तर अत्यंत सूक्ष्म तपासणींतही विकृत पेशी सांपडली नाहीं. अंगावर पुरळ उठणें आणि सांधे धरणें हे त्या गोळीचे मुख्य त्रास. तिनें मज्जा दडपली जात नाहीं. म्हणून ज्याच्या फुप्फुसांत जंतुविकार भिनलेला आहे आणि ज्याला क्लॅड्रिबिनचा आठवडा सोसणार नाहीं, अशा रुग्णाला कांहीं डॉक्टर आधीं ही गोळी देऊन रक्त सांवरतात, आणि मग त्या आठवड्याचा दिवस ठरवितात.